सुखदेवनानांचा नकाशा

स्मशानभूमीला पाच तारे देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मोबाइलच्या नकाशावर लोक जागांना तारे देतात. हॉटेलला देतात, दवाखान्याला देतात, लग्नाच्या हॉलला देतात. सुखदेवनानांनी चिंचदऱ्याच्या स्मशानभूमीला दिले आणि खाली लिहिलं, ‘जागा शांत. झाडं भरपूर. बसायला ओटा आहे. पाण्याचा नळ हवा. येण्याची घाई करू नये.’

हे वाचून मी एकटीच खोलीत हसत बसले होते, आणि ती खोली नानांचीच होती. मी मूळची धुळ्याची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. बदली झाली ती थेट जामनेर तालुक्यात, पहूरच्या अलीकडे, चिंचदरे नावाच्या गावात. मुख्याध्यापकांनी फोनवर सांगितलं होतं की फाट्यावर उतरा, घरमालक घ्यायला येतील. मी एसटीतून बॅग घेऊन उतरले तर समोर सायकल धरून एक उंच, काटकुळे गृहस्थ. पांढरा शर्ट, वरच्या खिशाला दोन पेनं आणि खालच्या खिशात मोबाइल.

“मॅडम ना? चला. खोली सव्वा दगड आहे.”

मला वाटलं, खोली दगडी बांधकामाची असावी. मी विचारलं, “दगडाची आहे का? थंड राहत असेल मग.”

“सिमेंटची आहे,” नाना म्हणाले. “सव्वा दगड लांब आहे.”

नाना बांधकाम खात्यात मैलकुली होते. रस्त्याचा एक ठरावीक तुकडा मैलकुलीच्या ताब्यात असतो. त्यातले खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लावायचा आणि किलोमीटरचे दगड रंगवायचे. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यामुळे अंतर मोजायचं त्यांचं माप दगड. माझी शाळा घरापासून पाऊण दगड. दवाखाना चार दगड. धाकट्या मेहुण्याशी त्यांचं फारसं पटत नसे, तर त्याच्याबद्दल म्हणायचे, “माणूस बरा आहे, पण दहा दगडांवरून बरा आहे.”

निवृत्त झाले त्या दिवशी मुलीने, प्रज्ञाने, त्यांना मोबाइल घेऊन दिला. ती पुण्यात नोकरीला. रोज बाबांचं तोंड दिसावं म्हणून तिने तो दिला, आणि बाबांना त्यात नकाशा दिसला. शांताअक्का, म्हणजे नानांची बायको, ती गोष्ट अजून चिडून सांगतात. “पोरगी तिकडून बाबा बाबा करून राह्यली, आणि हे बोट फिरवून राह्यले. मले म्हणे, शांता, ही बघ माझी सडक!”

खरंच त्यांची सडक होती ती. नकाशावर एक पांढरी रेघ. नानांनी रेघेवरून बोट फिरवलं, फाट्यापासून पुलापर्यंत गेले आणि थांबले. “इथे मोरी आहे. यांनी दाखवलीच नाही.”

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून नाना रस्त्याखालच्या मोरीचा फोटो काढायला गेले. त्यानंतरच्या तीन वर्षांत त्यांनी नकाशावर काय काय चढवलं! मोऱ्या, हापशा, पाण्याची टाकी, पिठाची गिरणी, बुद्ध विहार, केळी भरायची शेड, आणि पारावरचा कडुलिंब. कडुलिंबाला चार तारे. ‘सावली दाट. मुंगळे आहेत. दुपारी दोननंतर जागा मिळत नाही.’ गिरणीलाही चारच. ‘पीठ जाड येतं. मालक बोलका.’ हापशीचा त्यांचा एक फोटो तर इतक्या लोकांनी पाहिला की नकाशावाल्यांनी अभिनंदनाचा संदेश पाठवला. नाना तो मला दाखवून म्हणाले, “एवढे लोक हापशी बघतात. आणि ती बंद पडली तेव्हा हँडल धरायला मी एकटा होतो.”

त्यांचा नियम एकच. जागेवर गेल्याशिवाय लिहायचं नाही. आणि दुसरा कोणी काही सांगू लागला की त्यांचा प्रश्नही एकच, “जागेवर जाऊन पाह्यलं का?”

गावाचा एक मोबाइल ग्रुप आहे. सकाळी फुलं, दुपारी औषधं, संध्याकाळी अफवा, असा त्याचा दिवस जातो. एकदा त्यावर व्हिडिओ आला की पुलाखाली मगर आली आहे. व्हिडिओत पाणी होतं, पाण्यात काहीतरी काळं होतं आणि कोणीतरी “बापरे बापरे” म्हणत होतं. दोन दिवस बायका तिकडे धुणं धुवायला गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नाना सायकलवरून गेले, तास-दीड तास पाण्याशी बसले आणि कॅरिअरला ट्रॅक्टरचा अर्धा टायर बांधून परत आले. पारावर टायर टाकला आणि म्हणाले, “ही घ्या मगर. शेपूट तिथेच राह्यलं.” त्यावर ग्रुपमधल्या एकाने त्या टायरचा फोटो काढून पुन्हा ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘मगर पकडली!’ आजूबाजूच्या तीन गावांतून लोक मगर बघायला आले.

गावातल्या भजी विकणाऱ्या रमेशची गोष्ट तर मी माझ्या आईला फोनवर तीनदा सांगितली आहे. नानांनी त्याच्या गाडीला तीनच तारे दिले. रमेश तणतणत घरी आला.

“नाना, मला तीन? स्मशानाला पाच आणि मला तीन?”

“मिरची पोचट होती.”

“वार कोणता होता?”

“मंगळवार.”

“मंगळवारी मी नसतोच! मंगळवारी माझा मेहुणा तळतो!”

नाना विचारात पडले. अन्याय झाला होता. बुधवारी ते पुन्हा जागेवर गेले, दोन प्लेट भजी खाल्ली आणि घरी येऊन दुरुस्ती केली. ‘मंगळवारी मेहुणा असतो. इतर दिवशी चार तारे.’ त्या दिवसापासून मंगळवारी त्या गाडीवर चिटपाखरू फिरकत नाही, आणि नानांशी न पटणाऱ्या मेहुण्यांच्या यादीत आणखी एक नाव वाढलं.

आईने विचारलं, “मंग तुनी खोलीले किती तारा दिन्हात?” आमच्या घरी अहिराणीच बोलतात.

“अजून नही दिन्हात,” मी म्हटलं. “बाकी आठे बठ्ठं बरं शे.” इथे सगळं बरं आहे, एवढंच.

असाच प्रश्न शांताअक्कांनीही एकदा नानांना विचारला होता. संध्याकाळी जेवताना. “चाळीस वर्षं माझ्या हातचं खाऊन राह्यले. मले किती तारे?”

“घर नकाशावर नाही,” नाना म्हणाले. “असतं तर दिले असते.”

“नकाशावर नाही, तर मग जेवून कुठे राह्यले?”

मी हसले. नाना हसले नाहीत. गावातली मोरीसुद्धा नकाशावर चढवणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर नकाशावर का नाही, हे मला तेव्हा विचारायला हवं होतं. सुचलं नाही.

कळलं ते पृथ्वीच्या गोलामुळे. शाळेसाठी मी एक गोल मागवला होता. आणून देणाऱ्याचा फोन आला, “मॅडम, लोकेशन पाठवा.” मी ओट्यावर बसून मोबाइलवर नकाशा उघडला, बोटांनी मोठा केला, आमची वस्ती शोधली. आणि वस्तीवर राखाडी अक्षरांत लिहिलेलं नाव वाचून माझे हात थांबले.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. जातीवरून पडलेलं, किंवा पाडलेलं, जुनं नाव. ग्रामपंचायतीने ठराव करून ते कधीच बदललं होतं. मी तेव्हा शाळेत शिकत असेन. रेशनकार्डावर पंचशील नगर, मतदार यादीत पंचशील नगर, माझ्या भाडेकरारावर पंचशील नगर. फक्त साऱ्या जगाच्या हातात असलेल्या या नकाशावर ते जुनंच.

मी मोबाइल पालथा ठेवला. समोर नाना सायकलच्या चेनला तेल देत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“दिसलं का?” त्यांनी विचारलं.

“कोणी लिहिलं हे, नाना?”

“कोणास ठाऊक. जागेवर न येता लिहिलं.” मग चिंधीने हात पुसत म्हणाले, “अकरा वेळा बदल सुचवला. अकरा वेळा एकच उत्तर. बदल स्वीकारता आला नाही. बरं, नाही म्हणायला तरी कोणी माणूस असावा! समोर असता तर चहा पाजून समजावलं असतं. बाराव्यांदा मी लिहिलं, साहेब, एकदा जागेवर या. त्यावर तर उत्तरच नाही.”

गोल आणणाऱ्याला मी फाट्यावर थांबायला सांगितलं. नाना सायकलवर गेले आणि पृथ्वी कॅरिअरला बांधून घेऊन आले.

त्या दिवसापासून मीही या कामात पडले. मी मदतीचे नियम शोधून वाचले. नावाचा फलक असेल तर त्याचा फोटो जोडावा, असं त्यात होतं. फलक होता. वस्तीच्या तोंडाशी ग्रामपंचायतीने लावलेला. पण त्याच्यावर कायम कोणाच्या ना कोणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. नानांनी एक फ्लेक्स बाजूला सरकवून फलकाचा फोटो काढला, मी तो पाठवला आणि आम्ही वाट बघत बसलो. आठवड्याने नकाशावर बदल झाला! नाना धावत आले. मी बघितलं. वस्तीच्या कोपऱ्यावर एक नवीन ठिकाण उगवलं होतं. नाव होतं, ‘भावी सरपंच’.

यंत्राने फोटोतला फ्लेक्स वाचला होता.

शांताअक्का म्हणाल्या, “त्या नावापेक्षा हे बरं आहे, राहू द्या.” ज्याचा वाढदिवस होता तो तर पेढे घेऊनच आला. “नाना, निवडणुकीपर्यंत राहू द्या ना!” नानांनी पेढा खाल्ला आणि नाव काढायला लागले. ते काढायला महिना गेला. जुनं नाव त्याच्या शेजारी जसंच्या तसं.

मग मी म्हणाले, “नाना, एकट्याने सुचवून होणार नाही. पुष्कळ लोकांनी सुचवलं पाहिजे. ग्रुपवर टाका.”

नानांनी ग्रुपवर तोवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. जागेवर न जाता बोलणाऱ्यांच्यात काय बोलायचं, असं त्यांचं मत. पण त्या दिवशी त्यांनी दोन तास घेऊन संदेश लिहिला. काय चुकलं आहे, कसं दुरुस्त करायचं, कुठे बोट लावायचं, सगळं दगडा-दगडाने समजावलेलं. संध्याकाळपर्यंत उत्तरांचा पाऊस. जोडलेले हात, उंचावलेले अंगठे, फुलं, ‘नाना तुम्ही ग्रेट’. बदल किती जणांनी सुचवला ते मी एकेकाला विचारून पाहिलं. एकानेही नाही.

“बघा,” नाना म्हणाले. “हात जोडायला आले, बोट लावायला कोणी आलं नाही.”

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यांना एकाने गाठलं. वरच्या आळीतला, नानांच्याच वयाचा. तो म्हणाला, “नाना, कशाला एवढा खटाटोप? जुनं नाव आहे, सगळ्यांना माहीत आहे. नावात काय ठेवलंय?”

नानांनी कपबशी खाली ठेवली. शांतपणे खिशातून मोबाइल काढला. “बरोबर आहे तुझं. मग तुझ्या घराला मी एक नाव ठेवू का? उद्या सकाळी साऱ्या जगाला दिसेल. तुझ्या सुनेच्या माहेरच्यांनाही.”

टपरीवर हशा पिकला. तो माणूसही हसला, मग हसायचा थांबला. चहाचा शेवटचा घोट घेऊन म्हणाला, “काय करायचं असतं ते सांग मले.”

त्या रात्री नाना लवकर झोपले आणि सकाळी उठले ते त्यांच्या जुन्या खात्यातल्या मित्राकडे गेले. दुपारी टेम्पोतून एक दगड आला. रस्त्याच्या कडेला असतो तसा, वरून गोल, हातभर उंच. कुठल्यातरी रुंदीकरणात निघालेला, शेताच्या कडेला पडून होता. नानांनी तो वस्तीच्या तोंडाशी पुरला. पांढरा रंग दिला. डोक्याला पिवळा दिला. ते वाळेपर्यंत बाजूला उकिडवे बसून राहिले. मग बारीक ब्रश घेतला.

मी शाळा सुटल्यावर पोचले तेव्हा शेवटचं अक्षर चाललं होतं. एवढी सुरेख अक्षरं मी फळ्यावर कधी काढली नाहीत. काळीभोर, ठसठशीत, सारख्या उंचीची. पंचशील नगर. वस्तीतल्या बायका गोल करून उभ्या होत्या. शांताअक्कांनी पदराने दगडावरची धूळ पुसली. डोक्याचा रंग अजून पुरता वाळला नव्हता, पदराला पिवळा डाग पडला. नाना ओरडतील असं वाटलं. ओरडले नाहीत.

“आता याच्यावर फ्लेक्स लावून दाखवा म्हणावं,” ते म्हणाले. “आणि रविवारी दहा वाजता सगळे जागेवर या. ज्याच्या घरात जेवढे मोबाइल आहेत, तेवढे घेऊन.”

रविवारी दहाला सगळे आले. बचत गटाच्या बायका आल्या, विहारातली म्हातारी माणसं आली, रमेश आला, मेहुणाही आला. भावी सरपंच तर इस्त्रीचे कपडे घालून आला. सगळ्यांनी दगडाचे फोटो काढले. आणि पाठवायच्या वेळी रेंज गेली.

चिंचदऱ्यात रेंज एकाच जागी चांगली येते. भास्करआबांच्या केळीच्या बागेत, विहिरीच्या बाजूच्या बांधावर. आबा वरच्या आळीतले मोठे बागायतदार. सत्तरीचे. त्यांची बाग वस्तीला लागून. नाना क्षणभर थांबले. मग कुंपणापाशी जाऊन हाक मारली, “आबा, तुमच्या बांधावर उभं राहायचं आहे. चाळीस-पन्नास माणसं आहेत.”

आबा केळीच्या पानांतून बाहेर आले. “कशाले?”

नानांनी सांगितलं. आबांनी एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा माणसांकडे.

“या,” ते म्हणाले. “पण ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नका.”

मग ते दृश्य जमलं. अरुंद बांधावर एकामागे एक पन्नास माणसं, सगळ्यांचे हात वर, सगळ्यांच्या हातात मोबाइल. मी पुढून मागे फिरत एकेकाला बोट कुठे लावायचं ते दाखवत होते. “झालं का गं?” “गोल फिरून राह्यलं.” “माझं गेलं!” “माझंही गेलं!” दर वेळी कोणाचं गेलं की बांधावर टाळ्या पडत. नाना टोकाला उभं राहून मोजत होते आणि शुद्धलेखन तपासत होते. ‘शील’मधली वेलांटी ऱ्हस्व दिसली की माणूस परत रांगेत.

आबा हे सगळं बघत उभे होते. शेवटी त्यांनी आपलाच मोबाइल काढला आणि नानांच्या समोर धरला. “मले पन शिकव.” मग जरा अडखळून म्हणाले, “नाना, माह्या तोंडात ते जुनंच बसलंय रे. लहानपणापासूनचं. कालही निघालं असंल तोंडातून.”

बांधावरचे वर गेलेले हात खाली आले.

“तोंडाचं मागून बघू, आबा,” नाना म्हणाले. “आज बोटाने तर लिहा.”

आबांनी लिहिलं. वेळ लागला. वेलांटी दीर्घ होती.

त्यानंतर दोन आठवडे काहीच झालं नाही. नाना रोज सकाळी उठून आधी नकाशा बघत आणि मग तोंड धूत. अक्का म्हणायच्या, आमच्या लग्नात पण यांनी एवढी वाट नाही पाहिली. मलाही आशा राहिली नव्हती.

आणि एका मंगळवारी, मी चौथीच्या वर्गात भागाकार शिकवत होते, तर दारात नाना. धापा टाकत. पाऊण दगड ते सायकलशिवाय आले होते. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर साबण.

“मॅडम, नकाशा उघडा.”

मी उघडला. मोठा केला. तीच राखाडी अक्षरं, तीच जागा. पंचशील नगर.

मी वर्गाला मोबाइल दाखवला. वस्तीतली पोरं बाकांवर चढली, वरच्या आळीतली पोरंही चढली आणि जो काही कल्ला झाला, तो ऐकून मुख्याध्यापक पळत आले. कारण कळल्यावर त्यांनी शाळा अर्धा तास आधी सोडून दिली. नाना वर्गात खुर्चीवर बसले होते. गालावरचा साबण वाळला होता. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

संध्याकाळी विहारासमोर मोठ्या कढईत शेवभाजी झाली. रमेशने भजी तळली, मंगळवार असूनही सगळ्यांनी खाल्ली. आबांनी केळीचे दोन घड पाठवले. ग्रुपवर त्या दिवशी फुलं, औषधं काही नव्हतं, फक्त नकाशाचा फोटो, प्रत्येकाने आपापला काढलेला, पन्नास वेळा तोच. विहाराच्या पायरीवर बसलेली सगुणाआजी मला म्हणाली, “माझं घर दाव.” मी नकाशा मोठा मोठा करत नेला, वरून घेतलेल्या चित्रात तिचं छप्पर दाखवलं. निळी ताडपत्री, वर दोन टायर. आजीने बोट लावून बघितलं. “आणि वर काय लिव्हलं?” मी वाचून दाखवलं. “अजून येक डाव वाच,” ती म्हणाली. मी तिला चार वेळा वाचून दाखवलं.

त्या रात्री जेवताना नानांनी मोबाइल काढून आपलं घर नकाशावर चढवलं. फोटो अक्कांचा, चुलीपुढचा. तारे पाच. खाली काय लिहिलं ते अक्कांनी मला वाचायला लावलं. ‘जेवण उत्तम. बोलणं तिखट. चाळीस वर्षांत तक्रार नाही.’

हिवाळा लागला. वांगी आली की खान्देशात पाहुणे येतातच. प्रज्ञा भरीत खायला पुण्याच्या तीन मैत्रिणींना बोलावणार होती. ती स्वतः एक दिवस आधी एसटीने आली. मैत्रिणी रविवारी सकाळी गाडी घेऊन थेट येणार होत्या.

रविवारी मी फिरायला म्हणून फाट्याकडे गेले, तर नाना तिथे उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट. किती वेळचे उभे होते कोण जाणे.

“नाना, त्यांच्याकडे लोकेशन आहे. येतील त्या घरी.”

“आहे ना. प्रज्ञाने काल माझ्यासमोर पाठवलं.” ते रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, “मॅडम, तिच्या मैत्रिणी याआधीही दोनदा आल्या आहेत.”

“हो का?”

“तेव्हा ती त्यांना पहूर स्टँडचं लोकेशन पाठवायची. मग कोणाची तरी मोटारसायकल घेऊन स्टँडला जायची आणि त्यांना आणायची. मला म्हणायची, बाबा, त्यांना रस्ता सापडत नाही.” त्यांनी पायाने एक खडा रस्त्याच्या कडेला सारला. “तीस वर्षं मी त्या रस्त्यावर काम केलं. फाट्यापासून सरळ रस्ता. आंधळ्यालाही सापडेल.”

मी त्यांच्याबरोबर रस्त्याकडे बघत उभी राहिले.

“तिने मला कधी सांगितलं नाही, मी तिला कधी विचारलं नाही. नकाशा उघडून बघितला तेव्हा कळलं, पोरगी काय लपवते ते. तिचं काय चुकलं? नोकरीच्या अर्जावर मीसुद्धा पत्ता पहूर रोड एवढाच घातला होता.”

तेवढ्यात एक पांढरी गाडी आली. काचा अर्ध्या उघड्या. आत तीन मुली. फाट्यावर गाडी हळू झाली. नानांचा हात रस्ता दाखवायला अर्धा वर गेला आणि त्यांनी तो मागे घेतला, पाठीमागे दुसऱ्या हातात धरून ठेवला. गाडीतल्या मोबाइलमधून बाईचा आवाज आला, अगदी स्पष्ट, “उजवीकडे वळा. पंचशील नगर, एक किलोमीटर.”

“सव्वा,” नाना पुटपुटले.

गाडी आमच्याकडे न बघता वळली आणि गेली. धूळ खाली बसेपर्यंत नाना उभे राहिले. मग मला म्हणाले, “काय म्हणाली ती बाई?”

त्यांनी ऐकलं होतं. मी तरी सांगितलं.

घरी पोचलो तर अंगणात चटई टाकलेली, मुली वांगी भाजल्याचा वास घेत बसलेल्या. प्रज्ञा चुलीपाशी पुऱ्या तळत होती. नाना हातपाय धुऊन आले, पानावर बसले. पहिल्या मुलीला विचारलं, “घर सापडायला त्रास नाही ना झाला?”

“नाही काका, थेट दारात आलो.”

नानांनी मान डोलावली. भरीत वाढलं गेलं. मग दुसरीला विचारलं, “वाटेत कोणाला विचारावं लागलं का?”

“कोणालाच नाही, काका.”

थोडा वेळ गेला. कांद्याची पात आली, मिरच्या आल्या. नाना तिसरीकडे वळले. “म्हणजे नाव नीट दिसत होतं ना, मोबाइलवर?”

“दिसत होतं ना, काका. प्रज्ञाने पाठवलं होतं तसंच.”

चुलीपाशी झारा थांबला. कढईतली पुरी फुगून लाल होत होती आणि प्रज्ञा पाठमोरी तशीच बसून होती. अक्कांनी तिच्या हातातून झारा घेतला आणि पुरी काढली. प्रज्ञा उठून आली आणि बाबांच्या शेजारी बसली.

“बाबा,” ती म्हणाली, “पुढच्या वेळी मी पण यांच्याबरोबर गाडीतूनच येईन. पुण्याहून सरळ घरी.”

“ये,” नाना म्हणाले आणि खाली बघून पानातलं भरीत बोटांनी कालवत राहिले. मग शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. “फार तिखट केलंस आज, शांता.”

“घास तर अजून घेतलाच नाही तुम्ही,” अक्का म्हणाल्या, आणि त्यांच्या पानात गरम पुरी टाकली.